मार्गे अदिस अबाबा

करुणा मलावीला जाणार, हे तिने घरात सांगितलं तो रविवार होता. चर्चमधली उपासना संपली होती. तिची आई भाकरी थापत होती. वडील जेवायला बसले होते. मी शेजारची, वाचायला दिलेलं एक पुस्तक परत न्यायला गेले होते आणि दारात उभी होते.

"आफ्रिकेत मलावी म्हणून देश आहे," करुणा म्हणाली. "तिथल्या मिशनच्या दवाखान्यात नर्स पाहिजे. मी हो म्हणून कळवलं."

वडिलांनी घास गिळला, पाण्याचा घोट घेतला आणि विचारलं, "मार्गे?"

या एका शब्दावरून कमलमावशी पुढे कित्येक वर्षं नवऱ्यावर चिडत राहिल्या. "पोटची पोर समुद्रापल्याड जाऊन राह्यली, आन् या माणसाले रस्ता सुचला!" पण शांतवनकाकांना दुसरं काही सुचणं शक्य नव्हतं. त्यांचा जन्म मेहकरच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर म्हणून गेला होता. कोणती गाडी कुठे चालली, हे त्यांना आयुष्यभर कोणी ना कोणी विचारत आलं होतं, आणि माणूस कुठेही जायला निघालं तरी ते मधल्या गावांवरूनच जातं, यावर त्यांची श्रद्धा होती.

त्यांचा आवाज मोठा होता. स्टँडवरचा माइक अधूनमधून बंद पडायचा, पण प्रवाशांना ते कळायचं नाही. निवृत्त झाल्यावर तो आवाज घरात आला. कमलमावशी चहा ठेवायला उठल्या की आमच्या सामाईक भिंतीपलीकडून घोषणा ऐकू यायची, "प्रवाशांनी लक्ष द्यावे! चहा लागत आहे. बिस्किटांचा डबा आपल्या जबाबदारीवर सांभाळावा." मावशींचं उत्तरही ऐकू यायचं. "लावा की मंग उठून. फलाट रिकामाच आहे."

मी कॉलेजच्या ग्रंथालयात होते, म्हणून मला ते लायब्ररीबाई म्हणत. माझं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, याची मला शेवटपर्यंत खात्री नव्हती.

गल्लीतले लोक गाडीची वेळ विचारायला स्टँडवर न जाता त्यांच्याकडे येत. काका उत्तर द्यायला क्षणभरही थांबत नसत. पण वेळापत्रक मधल्या काळात बदललेलं असे, आणि काकांच्या डोक्यातलं बदललेलं नसे. एखादा बिचारा उन्हात ताटकळून परत येऊन तक्रार करी. "काका, गाडी तर आधीच गेली होती." काका शांतपणे म्हणत, "म्या सांगतलं ते बरोबर होतं. गाडी चुकली." तरी लोक दुसऱ्या दिवशी पुन्हा त्यांनाच विचारायला येत. "माहीत नाही" हे शब्द काकांच्या तोंडून कधी कोणी ऐकले नव्हते, आणि चुकीचं का असेना, इतक्या खात्रीने सांगणारं माणूस गावात दुसरं नव्हतं.

त्यांची प्रार्थना ऐकायला मी एक-दोनदा मुद्दाम गेले आहे. मी चर्चची नव्हे. नाताळला करंजी खायला जाणारी. इतर लोक "आमच्या आजारी भगिनीला बरं कर" एवढं म्हणून थांबत. काका देवाला पत्ता देत. "हे प्रभू, डोणगावच्या आमच्या भगिनी, स्टँडवर उतरल्यावर डाव्या हाताला, पिठाच्या गिरणीच्या मागं त्यांचं घर आहे, त्यांना दमा आहे." एकदा पाळकसाहेब त्यांना बाजूला घेऊन हळूच म्हणाले की, देवाला सगळे पत्ते माहीत असतात.

"असतील," काका म्हणाले. "पण साहेब, स्टँडवर मी रोज पाह्यलं, माहीतगार माणूसच चुकीच्या गाडीत बसते."

नोकरीतली एक गोष्ट ते फार अभिमानाने सांगत. फलाटावरून सुटलेली गाडी त्यांनी कधी मागे बोलावली नाही. सुटण्याआधी म्हातारीसाठी थांबवतील, गाठोडं राहिलं म्हणून थांबवतील, चिल्लर आणायला गेलेल्या माणसासाठीही थांबवतील. पण चाक फिरलं की मग पुढाऱ्याचा पाहुणा धावत आला तरी हाक नाही. "मागून हाक मारली की ड्रायव्हर मागं पाह्यते," ते म्हणत. "आन् रस्ता तं समोर असते."

करुणाला निरोप द्यायला चर्चची सगळी मंडळी जमली तेव्हा प्रार्थनेसाठी काकांनाच उभं केलं. ते डोळे मिटून म्हणाले, "हे प्रभू, तुझी दासी करुणा मेहकरहून निघून, मार्गे सिंदखेडराजा, जालना, संभाजीनगर, मुंबई, पुढे अदिस अबाबा येथे विमान बदलून, लिलोंग्वे येथे जात आहे. अदिस अबाबाला तिच्याजवळ वेळ थोडा आहे. तिथं तू स्वतः उभा राहा." मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. कमलमावशी पदराने डोळे पुसत होत्या, त्याही हसल्या. मग काका जे बोलले ते घोषणेच्या आवाजात नव्हतं.

"ही पोरगी तुले दिली. आता मी मागून हाक मारणार नाही."

घरी येताना मावशी माझ्या शेजारून चालत होत्या. "असा शब्द माणसानं बायकोले विचारून द्यावा," एवढंच त्या म्हणाल्या. त्यांना मुलगी परत हवी होती. दोन वर्षांनी, पाच वर्षांनी, पण परत. आणि करुणा बापाच्या एका "ये" वर येईल, हे त्यांना जसं माहीत होतं तसं काकांनाही माहीत होतं. त्या दिवसापासून त्या घरात या एका गोष्टीवरून भांडण होतं. ते बहुतेक वेळा लोणच्याच्या निमित्ताने होई.

कारण करुणाला लोणचं पाठवायचं असे. मिशनचा कोणी माणूस तिकडे निघाला की मावशी डबे भरायच्या: सांडगे, कुरड्या, तिखट, लोणचं. "एवढं काऊन पाठवून राह्यली? तिथं दुकान नाई का?" काका विचारत. "तिथं आई आहे का?" मावशी विचारत. मग काका दोरी बांधायला घेत. गाडीच्या टपावर सामान बांधावं तशी ते त्या डब्यांना गाठ मारत. करुणाने एकदा फोनवर सांगितलं की, गाठ सुटेना म्हणून शेवटी ऑपरेशनच्या कात्रीने दोरी कापावी लागली. ही बातमी काकांनी गल्लीभर सांगितली.

पीक घरात आलं की त्यांच्या चर्चमध्ये उपकारस्तुतीचा सण असतो. लोक धान्य, भाज्या, कोंबड्या आणून वाहतात आणि त्यांचा तिथेच लिलाव होतो. करुणा गेली त्या वर्षापासून लिलावाचे पैसे करुणाच्या दवाखान्यासाठी जाऊ लागले, आणि लिलाव पुकारायचं काम अर्थातच काकांकडे आलं. मी गेले त्या वर्षी एक लाल कोंबडी होती. ती एकाने घेतली आणि तिथेच परत अर्पण केली. ती पुन्हा पुकारली, दुसऱ्याने घेतली, त्यानेही परत दिली. अशी त्यांच्यात रीतच आहे. काका पुकारत होते, "ही गाडी आज मुक्कामी जाऊन नाई राह्यली! बसा, बसा, अजून जागा आहे!" स्टँडजवळ बांगड्यांचं दुकान असलेले हफीजभाई दोस्तीखातर येऊन बसले होते. त्यांनी शेवटची बोली लावली आणि कोंबडी काखेत मारली. सगळे त्यांच्याकडे बघू लागले.

"क्या हुआ?" हफीजभाई म्हणाले. "वापस देना पडता क्या? मेरे घर मेहमान है, भाऊ."

सगळ्यांत जास्त काका हसले. नंतर त्याच हफीजभाईंनी त्यांना एक अडचणीचा प्रश्न विचारला. "शांतवनभाऊ, पोरगी तिकडं लोकांना तुमच्या धर्मात आणून राह्यली का?" काका घरी येऊन विचारात पडले. रविवारी फोन आला तेव्हा त्यांनी करुणाला विचारलं, "पोरी, तिथले लोक कोण्या धर्माचे?"

"बहुतेक ख्रिस्तीच आहेत, बाबा."

"ख्रिस्तीच? मंग तुह्यं तिथं काय काम?"

"काऊन बाबा, ख्रिस्ती बायांची बाळंतपणं होत नाई का?"

काकांनी हे उत्तर हफीजभाईंना जसंच्या तसं पोचवलं, आणि पुढे स्वतःचंच म्हणून वापरलं.

मलावीबद्दल वाचायला म्हणून ते एकदा माझ्या ग्रंथालयात आले. पावलांचा आवाज होऊ नये म्हणून चपला दाराबाहेर काढल्या आणि आत येऊन स्टँडवरच्या आवाजात विचारलं, "मलावीची काही माहिती?" अभ्यास करणारी सगळी मुलं दचकली. माझ्याकडे एक जुना नकाशाचा ग्रंथ होता. त्यातल्या जगाच्या नकाशात तो देश न्यासालँड या जुन्या नावाने होता. काका बराच वेळ त्या पानावर बोट ठेवून बसले. मग म्हणाले, "लायब्ररीबाई, तुमच्या गाडीवर अजून जुनाच बोर्ड आहे." जाताना मात्र त्यांनी विचारलं की, हे पान दर महिन्याला येऊन पाहिलं तर चालेल का. ते येत. मेहकर त्या नकाशात नव्हतंच. पण जिथे असायला हवं तिथे एक बोट आणि न्यासालँडवर दुसरं बोट ठेवून बसत. कोणी आलं की पान उलटत.

मोबाइलवर करुणाचा चेहरा दिसायला लागला त्या पहिल्या रविवारी मी तिथेच होते. तिच्या मागे दवाखान्यातल्या चार-पाच बाया उभ्या होत्या. त्यांनी हसून हात हलवला आणि एका सुरात म्हटलं, "मुली ब्वांजी!"

कमलमावशींचा चेहरा उतरला. "ऐकलं का? माह्या पोरीले बांझ म्हणून राह्यल्या! अवं, लगन नाई केलं तिनं, बांझ कशी होईन?"

काकांनी फोन हातात घेतला. "बायांनो, लक्ष द्यावे!" ते गरजले आणि अस्सल वऱ्हाडीत त्यांनी त्या बायांना आपल्या लेकीची बाजू समजावून सांगितली: तिचं शिक्षण, तिला आलेली स्थळं, तिने ती कशी नाकारली, आणि एवढ्या बायांची लेकरं जिच्या हातांनी जगात आली तिला असं बोलणं शोभतं का. बाया मन लावून ऐकत होत्या. भाषण संपल्यावर त्यांनी टाळ्या वाजवल्या. करुणा हसून हसून खाली बसली होती.

"बाबा, त्या 'कसे आहात' म्हणून राह्यल्या. मुली ब्वांजी म्हणजे कसे आहात. तुम्ही म्हणायचं, न्दिली ब्विनो. म्हणजे मी बरा आहे."

"काय म्हणायचं? दिली?"

"न्दिली."

"दिली," काका म्हणाले. हा शब्द त्यांनी तोंडात जरा घोळवला. मग त्यांचा चेहरा खुलला. "पाह्य कमल, तिकडचे लोक समजदार आहेत. ते इचारतात, मुली? आन् आपुन म्हणायचं, दिली."

मावशी हसल्या नाहीत. पण काकांना तो शब्द फार आवडला. पुढे कोणीही विचारलं, "करुणा कधी येणार?" की काका म्हणत, "दिली." विचारणाऱ्याला वाटे, लग्न झालं. पेढे मागायला आलेल्या दोघा-तिघांना मावशींनी चहावर परत पाठवलं.

मग काकांना चालताना दम लागू लागला. बुलढाण्याला नेऊन डॉक्टरांना दाखवलं. परतल्यावर मी विचारलं तर म्हणाले, "काही नाई. इंजिन चढावर ओढत नाई म्हणते." मावशींनी मला खूण केली, तेव्हा कळलं की हृदय थकलं आहे आणि फारसा उपाय नाही. काकांनी घरात हुकूम काढला: करुणाला सांगायचं नाही, आणि बोलवायचं तर नाहीच.

मावशींनी नवऱ्याचा शब्द आयुष्यात पहिल्यांदा अक्षरशः पाळला. रविवारी फोन आला. काका आतल्या खोलीत निजले होते.

"बाबा कसे आहेत?"

"चांगले आहेत."

"काय करून राह्यले?"

"पडून आहेत." मावशींनी आतल्या खोलीकडे पाहिलं. "आज कोणी लोणारची गाडी विचाराले आलं होतं. तं तुहे बाबा म्हणे, माहीत नाई."

मग करुणा म्हणाली, "बरं. ठेवते."

पुढच्या रविवारच्या आत ती दारात उभी होती. काका खाटेवर उशीला टेकून बसले होते. तिला पाहून त्यांनी आधी बायकोकडे रागाने पाहिलं.

"कोणं बोलावलं तुले?"

"कोणीच नाई," करुणा म्हणाली. "लोणारची गाडी केव्हा आहे, ते विचाराले आले."

काका इतके हसले की त्यांना खोकल्याची ढास लागली आणि तिला पिशवी खाली टाकून त्यांची पाठ चोळावी लागली.

ती महिनाभर राहिली. भिंतीपलीकडून पुन्हा घोषणा येऊ लागल्या, जरा बारीक आवाजात. औषधाची वेळ झाली की, "फलाटावर गोळी लागत आहे." मावशींना वाटू लागलं की आता जमेल. करुणाने त्यांना स्पष्टच सांगितलं होतं, "बाबा राहा म्हणाले तर मी राहते. तिकडे कळवून टाकीन." आता फक्त काकांच्या एका शब्दाचा प्रश्न होता. मावशी तो शब्द मागून थकल्या आणि मला घेऊन गेल्या. "तुमी सांगा. शिकलेल्या माणसाचं ऐकते ते."

मी काही सांगण्याआधी काकाच बोलले. "मी तिले राहा म्हणणार नाई."

"काऊन पण?" मावशींनी विचारलं.

"म्हटलं तं राहील ना ती."

थोड्या वेळाने काका म्हणाले, "तिकडं तिच्या हाताखाली बाळंतिणींचा अख्खा वॉर्ड आहे, कमल. माह्या हाताखाली काय आहे? ही उशी."

ती निघाली त्या सकाळी ते हट्टाने स्टँडवर आले. रिक्षातून उतरून बाकापर्यंत जायला त्यांना दोनदा थांबावं लागलं. जुने ड्रायव्हर, कंडक्टर येऊन भेटून गेले. स्पीकरवरून गाडीची घोषणा झाली. काकांनी नाक मुरडलं. "नुसतं संभाजीनगर म्हणाला. मधातल्या गावाले जाणाऱ्यानं काय करावं?"

गाडी फलाटाला लागली. करुणाने पिशवी वर ठेवली, जागा धरली आणि खाली उतरून बापाजवळ आली. वाकून तिने त्यांचे हात हातात घेतले. काकांनी तिच्याकडे पाहिलं.

"बस," ते म्हणाले.

"हो बाबा, बसते," म्हणून ती गाडीकडे वळली. मग तिचं लक्ष बाकाकडे गेलं. काकांनी तिच्या हातातून एक हात सोडवून घेतला होता आणि तो आपल्या शेजारच्या रिकाम्या जागेवर ठेवला होता.

ती बसली. त्यांनी हात उचलून मांडीवर घेतला. ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं. कंडक्टरने दोरीला हात घातला, बाकाकडे पाहिलं, आणि दोरी तशीच धरून उभा राहिला. गाडीतल्या कोणीतरी विचारलं, "का थांबली हो?" कंडक्टर म्हणाला, "निघते. जरा दम धरा." मावशी माझा दंड घट्ट पकडून उभ्या होत्या. त्यांना वाटत होतं की तो शब्द आता येईल. मलाही वाटत होतं. माणसाने इतकं मागितलं, तर अजून थोडं मागायला काय हरकत आहे?

काकांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "जा पोरी. माणसं खोळंबून राह्यली." आणि जरा थांबून, "मी गेलो तं येऊ नको. उगा एवढ्या गाड्या बदलाव्या लागतात."

ती गेली. गाडी स्टँडच्या फाटकातून वळेपर्यंत काका समोर बघत होते. मी त्यांना बाहेर पाहिलं ते तेवढंच. नंतर ते खाटेवरून फारसे उठले नाहीत.

नाताळच्या आधी ते गेले. करुणा आली नाही. पाळकसाहेबांनी फोन कबरीजवळ धरला होता, त्यावरून तिने सगळं ऐकलं. पाळकसाहेबांनी प्रार्थनेत काकांना देवाच्या स्वाधीन केलं तेव्हा मागून कोणीतरी पुटपुटलं, "मार्गे?" आणि रडणाऱ्या लोकांत एक हसू पसरून गेलं. ते पुटपुटणं कमलमावशींचं होतं, हे त्यांच्या शेजारी उभी असल्यामुळे फक्त मला माहीत आहे.

करुणा मलावीत आहे. मावशी त्याच घरात आहेत. रात्रीचा स्वयंपाक आता आम्ही दोघी मिळून एकाच घरी करतो.